धूर कुणाच्या दारात?

१९१२ साली मुंबई सरकारने धुरावर कायदा केला. 'बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट' हे त्याचे नाव. कलकत्ता आणि हावडा या शहरांसाठी १९०५ मध्ये असाच कायदा झाला होता आणि मुंबईपुढे तोच नमुना होता. या कायद्याने धुरासाठी आयोग नेमला, निरीक्षक नेमले. गिरणीच्या धुराड्यातून किती काळा धूर किती वेळ निघतो, याकडे सरकारची नजर पहिल्यांदाच नेमाने वळली.

त्या काळचे जगभरचे धूर-निरीक्षक एक साधे साधन वापरत. पॅरिसचे प्राध्यापक मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी १८८८ च्या सुमारास ते तयार केले होते. पांढऱ्या कार्डांवर काळ्या रेघांच्या जाळ्या, एकीत बारीक, पुढचीत जाड, त्याहून पुढचीत आणखी जाड. कार्ड काही अंतरावर धरले की रेघा एकमेकींत मिसळतात आणि करड्या छटा दिसू लागतात. धुराड्याचा धूर कोणत्या छटेशी जुळतो ते पाहायचे आणि आकडा लिहायचा. शून्य म्हणजे स्वच्छ, पाच म्हणजे ठार काळा. डोळा, घड्याळ आणि वही एवढ्यावर सारे काम चाले.

या कायद्याआधी काहीच नव्हते असे नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २७७ सार्वजनिक झरा किंवा जलाशय घाण करणाऱ्यासाठी होते आणि कलम २७८ हवा आरोग्याला अपायकारक करणाऱ्यासाठी. दोन्हींत दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपये. ही कलमे फौजदारी होती. आधी कुणीतरी घाण करायची, मग कुणीतरी तक्रार करायची, मग खटला उभा राहायचा. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये गिरणी चालू झाली आणि शतक संपता संपता शहरातल्या गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. एवढ्या धुराड्यांपुढे पाचशे रुपयांच्या दंडाचे कलम पुरे पडणारे नव्हते.

१९१२ च्या कायद्यामागचा विचार वेगळा होता. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. बॉयलरच्या भट्टीत एकदम पाच-सहा फावडी कोळसा लोटला आणि हवा कमी पडली, की धुराडे काळे ओकते. तोच कोळसा थोडा थोडा, वेळच्या वेळी, जाळीवर सारखा पसरून टाकला की धूर विरळ होतो आणि वाफही अधिक मिळते. म्हणजे धूर टाळणे आणि कोळसा वाचवणे हे एकच काम होते आणि ते भट्टीपुढे घामाने निथळत उभ्या असलेल्या आगवाल्याच्या हातात होते. प्रदूषण झाल्यावर निस्तरण्यापेक्षा ते होऊच न देणे किफायतीचे, हे तत्त्व आज व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून नवे म्हणून शिकवले जाते. ते लालबाग-परळच्या बॉयलरघरांत शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते. आगवाल्याला शिकवण्यापेक्षा दंड भरणे मालकाला सोपे वाटले, तर मात्र कायदा तिथेच अडायचा.

गिरण्यांच्या धुराला उतार पडला त्यात निरीक्षकाच्या वहीइतकाच, किंबहुना अधिक, वाटा विजेचा होता. जमशेटजी टाटांनी पाहिलेली सह्याद्रीच्या पावसाची योजना त्यांच्या मृत्यूनंतर, १९१० मध्ये, टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीच्या रूपाने उभी राहिली. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर तलाव बांधले गेले, पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडले गेले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. एकेक गिरणी वाफेची इंजिने सोडून मोटारींवर जाऊ लागली.

मुंबईला धुराविना चालणारी शक्ती मिळाली. पुढच्या धरणाची किंमत मात्र मुळशी पेट्याने मोजली. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर धरण घालायचे ठरले तेव्हा पन्नासच्या आसपास गावे आणि मावळ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली जाणार हे उघड झाले. १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली आणि सात वर्षांचा तुरुंगवासही. धरण झाले, वीज आली, खाचरे बुडाली.

महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रणाचा इतिहास वाचताना मुळशी सहसा कुणी आठवत नाही, कारण तो विस्थापनाच्या खात्यात नोंदला गेला आहे. पण पुढची शंभर वर्षे जे घडत राहिले त्याचे पहिले ठळक उदाहरण तिथेच आहे. शहराच्या डोक्यावरचा भार हलला तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडला. कायदे आले, मंडळे आली, परवाने आले; त्यातल्या बऱ्याच परवान्यांनी घाण थांबवण्याऐवजी तिचा पत्ता बदलला.

स्वातंत्र्यानंतर तो पत्ता चेंबूर-तुर्भे होता. १९५४ आणि १९५५ मध्ये तिथे दोन तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाले, १९५६ मध्ये औष्णिक वीज केंद्र आणि १९६५ मध्ये खतांचा कारखाना. तेव्हा ती जागा शहराबाहेरची समजली जात होती. पण शहर थांबले नाही. फाळणीनंतर आलेले निर्वासित आणि मुंबईतच घर शोधणारे मध्यमवर्गीय यांची वस्ती कारखान्यांच्या कुंपणाला भिडली. सत्तरच्या दशकात चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणू लागले आणि ते नाव वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचले. केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत यांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग येथील लोकांच्या श्वसनाची तुलना सुरू केली. खोकला आणि धाप यांचे प्रमाण धुराच्या वस्त्यांत अधिक आढळले. चेंबूरच्या आयांना हे आधीच माहीत होते. डॉक्टरांनी ते कागदावर आणले, आणि कागदाशिवाय सरकारदरबारी काही हलत नाही.

मग कारखाने हलवण्याचे धोरण आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एमआयडीसी, १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झाली होती. ठाणे, अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्टा अशा वसाहती उभ्या राहत होत्या. १९७४ च्या औद्योगिक स्थान धोरणाने मुंबईत नव्या मोठ्या कारखान्यांना जवळजवळ बंदीच केली. शहरासाठी हा निर्णय योग्यच होता. पण उल्हास, काळू आणि वालधुनी या नद्यांच्या काठच्या गावांना कुणी विचारले नव्हते. काळू नदी आणि ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर शास्त्रज्ञांचे निबंध सत्तरच्या दशकाअखेर आणि ऐंशीच्या सुरुवातीला प्रसिद्ध होऊ लागले, तोवर काठची गुरे ते पाणी कैक वर्षे पीत होती.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने एक काम देशाच्या आधी केले आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. ओरिसाने १९५३ मध्ये नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला होता. महाराष्ट्राचा 'जल प्रदूषण प्रतिबंध अधिनियम' १९६९ चा. त्याखाली ७ सप्टेंबर १९७० ला राज्याचे मंडळ स्थापन झाले. स्टॉकहोमची जागतिक पर्यावरण परिषद त्यानंतर दोन वर्षांनी भरली आणि केंद्राचा जल कायदा चार वर्षांनी, १९७४ मध्ये आला. पाणी हा राज्यांच्या यादीतला विषय असल्यामुळे संसदेने तो कायदा राज्यांच्या ठरावांच्या आधारे केला होता. महाराष्ट्राचे स्वतःचे मंडळ आधीच असल्याने इथे केंद्राचा कायदा १ जून १९८१ ला लागू झाला आणि आजचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्या कायद्याखाली आले. हवेचा केंद्रीय कायदाही १९८१ चाच. राज्यात तो १९८३ पासून काही ठरावीक क्षेत्रांपुरता लागू झाला. अख्खे राज्य हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर व्हायला ६ नोव्हेंबर १९९६ उजाडले.

या दोन कायद्यांचा कणा म्हणजे संमतीपत्र. कारखानदार त्याला 'कन्सेंट' म्हणतात. कारखाना उभारण्यापूर्वी एक संमती, चालू करण्यापूर्वी दुसरी, आणि मुदत संपली की नूतनीकरण. किती उत्पादन काढायचे, किती पाणी वापरायचे, किती सांडपाणी सोडायचे आणि कसल्या प्रतीचे, धुराडे किती उंच हवे, हे सारे त्यात अटी म्हणून लिहिलेले असते. मंडळाने चार महिन्यांत निर्णय दिला नाही तर संमती दिली असेच जल कायदा धरतो. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी बीओडी ही पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची मोजणी साधारणपणे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवी. थंड देशांत ही चाचणी २० अंश तापमानाला पाच दिवस चालवतात. आपल्याकडे ती २७ अंशांना तीन दिवसांची आहे, कारण आपल्या नद्यांचे पाणी कोमट आणि त्यातले जिवाणू घाईचे.

सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा हेही कायद्याने बारकाईने सांगितले आहे. कारखान्याच्या माणसाला नोटीस द्यायची, त्याच्या समक्ष नमुना भरायचा, दोन भाग करायचे, दोन्हींवर मोहोर आणि दोघांच्या सह्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो आणि कारखान्याने मागणी केली तर दुसरा सरकारने ठरवलेल्या प्रयोगशाळेत. यातली एक पायरी चुकली की कोर्टात तो नमुना पुरावा म्हणून उभा राहत नाही. मंडळांच्या सुरुवातीच्या वर्षांत खटले रखडण्याचे एक मोठे कारण हेच होते. दुसरे कारण अधिकाराचे. प्रदूषण थांबवायचे तर मंडळाला न्यायालयाकडे जाऊन मनाई मागावी लागे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळची वायुगळती झाली आणि चित्र पालटले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९८८ मध्ये जल कायद्यात कलम ३३अ घातले गेले. त्या एका कलमाने मंडळाला कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडायला लावण्याचा अधिकार दिला. वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्याचे भय कुणाला नव्हते. लाईट-पाणी तुटण्याचे भय मात्र खरे होते आणि आजही आहे.

तोवर रासायनिक कारखाने मुंबई-ठाण्यातून आणखी पुढे सरकले होते. तारापूर, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे-परशुराम. नकाशा पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. यातली प्रत्येक वसाहत एखाद्या नदीच्या किंवा खाडीच्या कुशीत आहे. पाणी घ्यायला वर धरण आणि सोडायला खाली खाडी. नियोजनकाराला हे सोयीचे वाटले. कोकणातल्या भोई, कोळी आणि मांगेला समाजांना ते मुळीच सोयीचे नव्हते, कारण ज्या तोंडातून सांडपाणी येई त्याच तोंडात त्यांची जाळी लागत. दाभोळच्या खाडीतले मासेमार कितीतरी वर्षे मेलेल्या माशांचे ढीग घेऊन अधिकाऱ्यांपुढे उभे राहत आले आहेत.

लहान कारखान्यांना स्वतःचे शुद्धीकरण परवडत नाही, म्हणून सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र ही कल्पना आली. १९९१ च्या योजनेत केंद्र आणि राज्य सरकार यांनी प्रत्येकी चतुर्थांश खर्च द्यायचा होता, उरलेला कर्जातून आणि उद्योगांकडून. कल्पना चांगली होती. पण ही केंद्रे चालतात ती जिवाणूंच्या बळावर. घाण खाणाऱ्या जिवाणूंची टाकी रोज ठरावीक प्रकारच्या खाद्यावर जगते. वसाहतीतल्या एका कारखान्याने रात्री तीव्र आम्लाचा टँकर गटारात मोकळा केला की सकाळपर्यंत टाकीतले जिवाणू मरतात आणि ती पुन्हा रुळावर यायला दिवसच्या दिवस जातात. शंभर प्रामाणिक कारखान्यांचे पैसे एका अप्रामाणिक नळीत वाहून जातात. तारापूरचे केंद्र रोज अडीच कोटी लिटर सांडपाण्यासाठी बांधलेले होते आणि येणारे पाणी त्याहून जास्त. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली. प्रतिवादींमध्ये खुद्द प्रदूषण नियंत्रण मंडळ होते. रखवालदाराला कोर्टात खेचण्याची वेळ मासेमारांवर यावी, यातच बरेच काही आले.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. सत्तरच्या वर गेलेल्या ४३ क्षेत्रांना 'अतिप्रदूषित' ठरवले. त्यांत महाराष्ट्रातली पाच होती: चंद्रपूर ८३.८८, डोंबिवली ७८.४१, औरंगाबाद ७७.४४, नवी मुंबई ७३.७७ आणि तारापूर ७२.०१. जानेवारी २०१० मध्ये या क्षेत्रांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबवल्या गेल्या. कृती आराखडे सादर झाले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत स्थगिती टप्प्याटप्प्याने उठली. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. गुणपत्रिका सुधारल्याचे सांगितले जात असताना डोंबिवलीकर रंग पाहत होते.

याच काळात एक चांगला नियम गेला. २००० मध्ये राज्याने नद्यांचे क्षेत्र निश्चित करणारे धोरण आणले होते आणि २००९ मध्ये ते सुधारले होते. नदीचा दर्जा पाहून तिच्यापासून ठरावीक अंतरात कोणते उद्योग चालतील आणि कोणते नाहीत हे त्यात सांगितले होते. संमतीपत्र मागायला येण्यापूर्वीच जागेचा प्रश्न निकालात निघे. प्रतिबंध हा शब्द कायद्यांच्या नावांत जागोजागी आहे, पण प्रत्यक्ष प्रतिबंध करणारा असा नियम विरळा. उद्योगांच्या वाढीला अडसर होतो म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य सरकारने हे धोरण रद्द केले. प्रक्रिया करूनच पाणी सोडायचे असेल तर अंतराची गरज काय, असा युक्तिवाद होता. पंचगंगेच्या काठच्या लोकांनी त्याला उत्तर द्यायला हवे होते. २०१२ च्या उन्हाळ्यात याच नदीकाठच्या इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले.

या साऱ्या हलवाहलवीच्या इतिहासात डहाणू वेगळे आहे. तिथे लोक म्हणाले की घाण दुसरीकडे नेऊ नका, जिथे होते तिथेच अडवा.

डहाणू तालुका म्हणजे वारल्यांचे पाडे, चिकूच्या वाड्या, खाजण आणि मासेमारीची गावे. तिथे ५०० मेगावॅटचे कोळशावर चालणारे वीज केंद्र यायचे ठरले, मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी. मुळशीचीच गोष्ट पुन्हा, या वेळी पाण्याऐवजी गंधकाच्या धुराची. स्थानिक पर्यावरण गट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ मध्ये न्यायालयाने प्रकल्प थांबवला नाही. पण त्याच वर्षी २० जूनला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर आणि भोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा. ही अधिसूचना कागदावर राहू नये म्हणून पुन्हा याचिका झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९ डिसेंबर १९९६ ला त्याची अधिसूचना निघाली. अध्यक्षपदी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी आले. ते दादा धर्माधिकारींचे पुत्र, सर्वोदयाच्या वातावरणात वाढलेले, मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले.

धर्माधिकारींनी प्राधिकरणाच्या सुनावण्या लोकांसाठी खुल्या ठेवल्या. कंपनीचे वकील, शासनाचे अधिकारी, चिकूचे बागायतदार आणि मच्छीमार एकाच दालनात बसत. जे मोजले गेले ते सर्वांसमक्ष वाचले जाई. वीज केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले होते. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा, एफजीडी, बसवण्याची अट मंजुरीच्या वेळीच चर्चेत होती. कंपनीचे म्हणणे असे की कमी गंधकाचा कोळसा वापरत असल्याने तिची गरज नाही. १९९९ मध्ये प्राधिकरणाने ती बसवण्याचा आदेश दिला. मग वर्षानुवर्षे न्यायालये, मुदती आणि बँक हमीचा वाद. २००७ मध्ये यंत्रणा बसली आणि चालू झाली. समुद्राचे पाणी मुळातच अल्कधर्मी असते. धूर त्या पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की सल्फर डायऑक्साइड विरघळतो, हवा फुंकली की त्याचे सल्फेट बनते, आणि सल्फेट समुद्रात आधीपासूनच असते. रसायनशास्त्र शाळेतले आहे. ते प्रत्यक्षात उतरायला आदेशानंतर आठ वर्षे लागली.

याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. एका परदेशी कंपनीचा तो प्रस्ताव होता. नाजूक म्हणून राखलेल्या तालुक्यात एवढे मोठे बंदर बसत नाही, एवढा साधा निष्कर्ष होता आणि तो बरीच वर्षे टिकला. इतर जिल्ह्यांतही प्रकल्पाआधी जनसुनावणी होते. १९९७ पासून ती सक्तीची आहे. प्रदूषण मंडळ ती भरवते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो. जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी माडबनला १६ मे २०१० ला अशीच सुनावणी झाली. पण ती एका दिवसाची. लोक बोलतात, इतिवृत्त लिहिले जाते आणि कागद दिल्लीला जातात. डहाणूत जनसुनावणी वीस वर्षांहून अधिक काळ चालू राहिली. अट पाळली की नाही हे विचारायला लोकांना पुन्हा पुन्हा येता येत होते आणि विचारल्यावर उत्तर देणे समोरच्याला भाग होते. महाराष्ट्रातल्या हजारो संमतीपत्रांमध्ये नेमकी हीच गोष्ट नाही.

न्यायमूर्ती धर्माधिकारी ३ जानेवारी २०१९ ला गेले. ३१ जुलै २०२३ ला प्राधिकरणाने वाढवण बंदराला ना हरकत दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्या दिवशीही चालूच होता.

मोजण्याची साधने या काळात पार बदलली. १९९२ च्या नियमानुसार कारखान्यांनी दरवर्षी पर्यावरण विवरण भरायचे असते. एका नगामागे किती पाणी आणि किती कच्चा माल लागला हे त्यात येते. बॉयलरवरच्या आगवाल्याचा जुना हिशेब कागदावर मागितला गेला तो असा, पण बहुतेक ठिकाणी तो फाईलमध्येच राहिला. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर आणि नळीवर ऑनलाइन मापक बसवायला सांगितले. ५ जून २०१७ ला महाराष्ट्राच्या मंडळाने शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांसोबत कारखान्यांना धुरातल्या कणांनुसार एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली आणि ते निकाल लोकांसाठी खुले केले. महाराष्ट्रासाठी हे महत्त्वाचे पाऊल होते. सुरतेत २०१९ पासून गुजरातने आणखी पुढचा प्रयोग केला. तीनशेहून अधिक कारखान्यांच्या एकूण कणांवर मर्यादा घालून उरलेल्या परवान्यांची खरेदी-विक्री करू दिली, आणि धुरातले कण २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात दिसले. हा प्रयोग गुजरात, तमिळनाडूबरोबर महाराष्ट्रातही करायचा असे २०११ मध्येच बोलले गेले होते.

एफजीडीची गोष्ट डहाणूवर संपत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशातल्या सर्व कोळशाच्या वीज केंद्रांना गंधकाची मर्यादा घातली, मुदत दोन वर्षांची. ती वाढवली गेली, मग पुन्हा, मग पुन्हा. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतेक केंद्रांना या यंत्रणेतून मोकळे केले. दिल्ली परिसराजवळची आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांजवळची केंद्रे बंधनात राहिली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय तज्ज्ञ समितीने एकेकाचे प्रकरण पाहून घ्यायचा आहे. चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र याच गटात मोडते. २००९ च्या गुणपत्रिकेत राज्यात सर्वांत वर असलेले शहर त्याला लागून आहे. डहाणूच्या चिकू बागायतदारांना आपल्या धुराचा हिशेब एका न्यायमूर्तींसमोर, वारंवार, आपल्या तोंडाने मागता आला. केंद्राशेजारच्या दुर्गापूर आणि ऊर्जानगरच्या रहिवाशांच्या धुराचा निर्णयही चंद्रपुरात, उघड सुनावणीत, मापकाचे आकडे त्यांच्यासमोर वाचून व्हायला हवा, आणि तो मागण्याचा हक्क त्यांना अधिसूचनेने द्यायला हवा.